मलेशियाला जाल, पण परत याल ना?

ट्रॅव्हल एजन्सीत किस्से शोधावे लागत नाहीत, ते आपल्या पायांनी चालत काउंटरवर येतात. दुबईशेजारच्या रोल्लातल्या आमच्या छोट्याशा ऑफिसात मी मलेशिया-थायलंडचं काउंटर सांभाळायचे. २००८ची मंदी आली आणि धडाधड नोकऱ्या जायला लागल्या. कर्जं फेडता येईनात म्हणून लोक गाड्या एअरपोर्टवर सोडून गुपचूप देश सोडत होते. मग काय, सुट्टीवर निघालेला प्रत्येक माणूस पळूनच चाललाय असं वाटायचं!

आमचे साहेब मुंबईचे, आणि जन्मजात संशयी. त्यांची कसोटी ठरलेली. "जो पावसाचं विचारतो तो टुरिस्ट. जो सामान किती किलो चालतं ते विचारतो, तो खलास! परत येत नाही."

*

मलेशियाच्या लंगकावी बेटाचं विचारायला एक पुण्याच्या बाई आल्या. पहिलाच प्रश्न, "सामान किती किलो चालतं हो?"

आतून साहेब खाकरले. मी जपून विचारलं, "थोड्या दिवसांसाठी एवढं काय नेताय?"

"मिक्सर."

साहेब बाहेरच आले! "लंगकावीला मिक्सर?"

बाई भडकल्या. "तिथे शाकाहारी जेवण सगळीकडे मिळत नाही, असं फोनवर तुम्हीच म्हणालात ना? मग चटणी काय डोक्यावर वाटू?"

बुकिंग झालं. पण त्या परत येईपर्यंत साहेब मला रोज विचारायचे, "मिक्सर आला का?"

*

संशयाची मक्तेदारी काही आमच्याकडेच नव्हती. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका फॅक्टरीतले इंजिनियर बँकॉकची चौकशी करायला आले. मी सांगितलं, "व्हिसा एअरपोर्टवरच मिळेल. फोटो, हॉटेल बुकिंग आणि रिटर्न तिकीट दाखवावं लागतं."

"कुणाला दाखवायचं?"

"थायलंडच्या इमिग्रेशनला."

"नक्की? आमच्या एचआरने नाही ना विचारायला सांगितलंय?"

त्यांच्या कंपनीत परदेशी जायला सुट्टी मागितली की माणूस पळणार, असंच धरून चालायचे म्हणे. म्हणून त्यांनी ऑफिसात सांगितलं, नातेवाइकांकडे इथेच अल ऐनला जातोय. येताना बँकॉकहून सुकवलेला आंबा आणला आणि अल ऐनचा म्हणून सगळ्यांना वाटला!

पुढच्याच आठवड्यात त्यांचे एचआर मॅनेजर आमच्या काउंटरवर. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, "मॅडम, बँकॉक का पॅकेज है? और हमारे ऑफिस में किसी को मत बताना!"

*

मग पाळी माझी आली. मुलाला मलेशियाचं, लंगकावीचं कबूल केलं होतं, नवऱ्याची सुट्टी मंजूर होती. पण तेव्हाच्या बऱ्याच मालकांसारखे आमचे साहेबही सगळ्यांचे पासपोर्ट स्वतःच्या कपाटात ठेवायचे. मी मागायला गेले तर म्हणाले, "गॅरंटी कोण? तू आली नाहीस तर जबाबदारी कुणाची?"

ऑफिसात गॅरंटी द्यायला एकजणही पुढे येईना. इतकी वर्षं एकत्र डबे खाल्ले, आणि सगळे माझ्याकडे चोराकडे बघावं तसं बघत होते. मला फार लागलं ते. मुलगा रोज विचारायचा, "मम्मा, आर वी इव्हन गोइंग?"

सासूबाई तेव्हा व्हिजिटवर आमच्याकडे आल्या होत्या. त्यांनी पदर खोचला. "चल, मी बोलते तुझ्या साहेबांशी."

आम्ही पोचलो तर साहेबच बॅग घेऊन निघालेले. "बँकॉकला चाललोय. हॉटेलवाल्यांशी मीटिंग आहे. चार दिवसांत येतो."

सासूबाईंनी एक खुर्ची घेतली आणि थेट दारातच बसल्या. "या की. पण तुमची गॅरंटी कोण?"

मी मनात म्हटलं, पासपोर्ट राहिला, आता नोकरीही गेली.

साहेबांनी मग बॅग खाली ठेवली, कपाट उघडलं आणि सगळ्यांचे पासपोर्ट काढून माझ्या टेबलावर ठेवले.

"ज्याचे त्याला दे. आणि तू जाऊन ये लंगकावीला."

सासूबाईंनी खुर्ची बाजूला घेतली. साहेब दाराबाहेर पडले, दोन पावलं गेले आणि मागे वळून म्हणाले, "पेनांगहून बोटीने जाणार असाल, तर मागे बसा. पुढे पोराला मळमळेल."