तो हात कोणी केला

बाईंची आणि माझी ओळख धायरीतल्या एका स्टेशनरीच्या दुकानात झाली. मला तेव्हा वर्ध्याहून पुण्यात येऊन तीन वर्षं झाली होती. नोकरी आयटीतली, खोली भाड्याची, लग्न व्हायचं होतं. बुधवार पेठेत हेडफोन दुरुस्त करायला गेलो असताना एका दुकानाच्या वरच्या फळीवर मला परदेशी चित्रकथेतल्या एका नायकाचा वीतभर पुतळा दिसला होता. लहानपणी त्याची चित्रं मी वह्यांच्या पुठ्ठ्यावर चिकटवत असे. पुतळ्याचा रंग पार बिघडलेला होता, एक डोळा कपाळाकडे सरकला होता, तरी मी तो घेतला. आता त्याचा चेहरा सुधारावा म्हणून त्याला काउंटरवर उभा करून मी दुकानदाराला रंगाच्या बाटल्या काढायला लावत होतो.

शेजारी साठीच्या आसपासच्या एक बाई ब्रश निवडत होत्या. त्यांनी चष्म्यावरून पुतळ्याकडे पाहिलं.

"कावीळ कधीपासून आहे याला?" त्यांनी विचारलं.

त्या शाळेतून निवृत्त झालेल्या चित्रकलेच्या शिक्षिका होत्या. माहेर पेठेतलं, सासर धायरीतल्या शेतकऱ्यांचं. शेतावर इमारती उभ्या राहिल्या होत्या, पण त्यांचं बैठं घर आणि त्यावरची पत्र्याची खोली अजून होती. सगळे त्यांना बाई म्हणत, मीही म्हणू लागलो. पुढच्या रविवारी सकाळी पुतळा घेऊन मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांचे यजमान दारात खुर्ची टाकून बसले होते. "वर हाय ती," ते म्हणाले. "जिना जपून चढा."

त्या खोलीत मी पुढची पाच-सहा वर्षं बहुतेक रविवार काढले.

बाईंनी या नायकांचा एकही सिनेमा पाहिला नव्हता. पुतळा हातात घेतला की त्या आधी त्याची हकीकत विचारत. हा कोण, याचे आईवडील कुठे असतात, हा कोणावर चिडलाय. मी सांगायचो आणि त्या पालकाची तक्रार ऐकावी तशा गंभीरपणे ऐकायच्या. माझ्या त्या पहिल्या नायकाची कथा ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, हा चिडलेला नाही, घाबरलाय. मग पातळ ब्रशाने त्यांनी त्याच्या भुवया किंचित खाली ओढल्या, आणि तो खरंच घाबरलेला आणि तरीही उभा राहिलेला माणूस दिसायला लागला. मी थक्क झालो. मलाही शिकवा म्हणालो. त्या क्षणापासून त्या मला अरे-तुरे करू लागल्या. "आधी ब्रश धुवायला शीक," हा पहिला धडा.

तिसरे एक शेठ होते. मार्केट यार्डात त्यांचा गुळाचा गाळा होता. त्यांना राक्षसांचे आणि यंत्रमानवांचे पुतळे आवडत. सफरचंदाच्या रिकाम्या पेट्यांच्या फळ्या ते घेऊन यायचे आणि आम्ही त्या घासून पुतळ्यांच्या बैठका करायचो. विकत मिळणारं थोडं होतं, म्हणून उरलेलं आम्ही बनवत होतो. तुटलेल्या खेळण्याचं धड, मळून घट्ट होणाऱ्या पुट्टीचे हात, जुन्या छत्रीच्या कापडाचा झगा. त्याला आम्ही छंदच म्हणायचो, आणि त्या वस्तूंना पुतळे.

मग माझा पगार वाढला, लग्न झालं, स्वतःचा फ्लॅट झाला, आणि त्याच सुमारास परदेशी कंपन्यांचे मोठे पुतळे इथे मागवता येऊ लागले. नाव वर्षभर आधी नोंदवायचं, मग एक दिवस लहान मुलाच्या उंचीचं खोकं दारात. आत फोम, फोममध्ये पीस, तळाशी क्रमांक कोरलेली पट्टी. पुतळ्यांना आता पीस म्हणत. मोबाइलवर असे पीस जमवणाऱ्यांचा आमचा ग्रुप झाला आणि मी त्याचा ॲडमिन झालो. तिथे चेहऱ्यावर कोणते भाव आहेत याबद्दल कोणी बोलत नसे. खोक्याचा कोपरा दबलाय का, सील शाबूत आहे का, किती पीस निघाले आणि आपला कितवा, हे बोलणं. काहीजण तर खोकं उघडतच नसत. मला ते आधी हास्यास्पद वाटलं, आणि नंतर माझ्याही माळ्यावर दोन खोकी न उघडता पडली.

बाईंनाही मी हौसेने ग्रुपमध्ये घेतलं होतं. त्यांनी एकदा स्वतः घडवलेल्या एका योद्ध्याचा फोटो टाकला. त्याखाली कोणीतरी लिहिलं की इथे फक्त ओरिजिनल पीस टाकावेत. मी ॲडमिन होतो. काहीच लिहिलं नाही. बाईंनी फोटो काढून टाकला आणि पुन्हा कधी काही टाकलं नाही. रविवारचं जाणंही कमी होत होत थांबलं. दोन वर्षं मी त्यांच्या जिन्यावर पाऊल ठेवलं नाही, आणि घर तर चालत दहा मिनिटांवर होतं.

दिवाळीच्या साफसफाईत माझ्या हातून भालाधारी योद्धीचा पुतळा निसटला. माझ्याकडचा सगळ्यात दुर्मीळ पीस. उजवा हात मनगटापासून तुटला आणि दोन बोटांचा चुराच झाला. कंपनीला कळवलं, तर त्यांच्याकडे सुटे भाग उरले नव्हते. ग्रुपमध्ये मी कोणाला सांगितलं नाही. तुकडे डब्यात भरले, पुतळा चादरीत गुंडाळला आणि बाईंकडे गेलो.

एवढ्या दिवसांनी कसा काय, असं त्यांनी विचारलं नाही. तुटलेला हात खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "भाला असा धरला होता हिने? अक्षता धरल्यासारखा?"

तीन आठवडे त्यांनी काम केलं. मी न्यायला गेलो तेव्हा पुतळ्यात जोड कुठे आहे ते मला शोधूनही सापडेना. बोटं नव्याने घडवलेली होती, आणि आता ती भाल्यावर खरोखर आवळलेली होती. अंगठ्याच्या बुडाशी एक शीर ताणली गेली होती. ती मुळात नव्हतीच. त्या एका हातामुळे ती सबंध योद्धी जिवंत वाटत होती. मी मनापासून सांगितलं की कंपनीपेक्षा हे चांगलं झालंय. बाई नुसत्या हसल्या आणि चहा ठेवायला उठल्या.

त्यानंतर दोन महिन्यांनी आमच्या ग्रुपने एका मंगल कार्यालयात प्रदर्शन भरवलं. मी ती योद्धी ठेवली. प्रत्येक पुतळ्यासमोर माहितीचं कार्ड लावायचं होतं. त्यात अवस्था असा एक रकाना होता. मी तिथे 'मूळ, जसा आला तसाच' असं लिहिलं. लिहिताना हात अडखळला नाही, हे मला आज आठवतं आणि त्याचीच जास्त लाज वाटते.

ग्रुपवर टाकलेलं आमंत्रण बाईंनाही गेलं होतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. दुपारी त्या शेठबरोबर आल्या. मी त्यांना पाहिलं तेव्हा माझ्या टेबलाशी एक मुलगी वाकून उभी होती. नुकती नोकरीला लागलेली, या छंदात नवी, डोळ्यांत कौतुक मावत नव्हतं तिच्या.

"सर, हा हात बघा ना," ती म्हणाली. "काय ग्रिप आहे. याला काही रिपेअर वगैरे नाही ना झालेलं?"

बाई तिच्या मागे चार पावलांवर होत्या. त्यांना ऐकू येत होतं, आणि त्यांना ऐकू येतंय हे मला दिसत होतं. आजूबाजूला ग्रुपमधले सातआठजण उभे होते.

"नाही," मी म्हणालो. "जसा आला तसाच आहे."

"वाटलंच. असं काम आपल्याकडे कुठे होतं."

बाई पुढे आल्या. पर्समधून वाचायचा चष्मा काढून त्यांनी कार्ड वरपासून खालपर्यंत वाचलं. मग हाताकडे पाहिलं, नवख्या पाहुण्यासारखं.

"छान झालाय हो हात," त्या म्हणाल्या. "कोणत्या देशात करतात?"

त्या मुलीनेच उत्तर दिलं, चीनमध्ये असेल बहुतेक. बाईंनी मान डोलावली. मी काहीतरी बोलेन म्हणून शेठ माझ्याकडे बघत होते. मी कार्डाचा कोपरा सरळ करत राहिलो. दोघं पुढच्या टेबलाकडे गेली, तिथून बाहेर. चहाची सोय आहे, एवढं सांगायलाही मी मागे गेलो नाही.

त्यानंतर मी त्यांना फोन केला नाही. रोज करणार होतो. आधी वाटलं, दोनचार दिवस जाऊ देत. मग वाटलं, आता फार दिवस झाले, फोनवर हे बरं दिसणार नाही. भाजी आणायला मी दुसऱ्या रस्त्याने जाऊ लागलो. बायकोने कारण विचारलं तेव्हा तिकडे खोदकाम चाललंय असं सांगितलं. एक खोटं पचलं की पुढची सोपी जातात, एवढं मात्र त्या दिवसांत कळलं.

असं दीड वर्ष गेलं. एकदा शेठ रस्त्यात भेटले. त्यांनी मला बोल लावला नाही. फक्त सांगितलं की बाईंचं घर पाडून तिथे इमारत झाली आहे, त्या तिसऱ्या मजल्यावर राहतात, आणि रविवारी त्यांच्याकडे गर्दी असते. त्या रविवारी मी गेलो.

हॉलमध्ये जुनी चादर अंथरून पाचसहाजण बसले होते. दोन कॉलेजच्या मुली, नागपूरकडचा एक कारखान्यातला कामगार, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. आता पुतळे संगणकावर घडवून घरच्या यंत्रावर छापता येतात, आणि ही मंडळी आपापले छापलेले करडे पुतळे घेऊन आली होती. रंग द्यायला बाईंकडे शिकत होती. म्हणजे छंद पुन्हा बाईंच्या दाराशी आला होता आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

"या ना," बाई मला म्हणाल्या. "आपण खुर्चीवर बसा. खाली रंग सांडलाय."

मला त्यांनी आपण म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. शिवी दिली असती तर बरं, असं वाटलं. स्वयंपाकघरात त्या पाणी आणायला गेल्या तेव्हा मी मागोमाग गेलो आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. की मी खोटं बोललो, की चारचौघांत माझ्या पीसची किंमत कमी होईल याला घाबरलो, की मला माफ करा.

बाईंनी नळ बंद केला.

"मला सांगून काय उपयोग?" त्या म्हणाल्या. "तो हात कोणी केला ते मला माहीत आहे. ज्यांना माहीत नाही, त्यांना सांगा."

आवाजात राग नव्हता. बाहेर कोणीतरी त्यांना हाक मारली आणि त्या गेल्या.

घरी येऊन मी ग्रुपवर सगळं लिहिलं. पुतळा माझ्या हातून पडला होता, हात कोणी घडवला, आणि प्रदर्शनात बाई समोर असताना मी काय बोललो, तेही. कोणी लिहिलं की आता या पीसला अर्थ नाही. कोणी विचारलं, आणखी काय काय रिपेअर केलेलं आहे तुमच्याकडे. मी ॲडमिनपद सोडलं. ते सोडणं जड गेलं नाही. चार-पाच जणांनी दुरुस्तीसाठी बाईंचा नंबर मागितला. मी बाईंना विचारलं तर त्यांनी कळवलं की त्या दुरुस्ती करत नाहीत, शिकायचं असेल तर रविवारी यावं.

मीही जातो आता, महिन्यातून एखाद-दोनदा. मागच्या बाजूला बसून, छापताना पुतळ्यांवर उमटलेल्या रेघा सँडपेपरने घासतो. बाई माझं काम तपासतात, चुका दाखवतात, इतरांसारखाच मलाही चहा देतात. त्यापलीकडे आमच्यात बोलणं होत नाही. ते पुन्हा होईल अशी आशा धरण्याचा हक्क मला आहे का, हे मी ठरवू शकलेलो नाही.

प्रदर्शनातली ती मुलगी ग्रुपमध्येच होती. माझं लिहिलेलं वाचून तिने मला वेगळा निरोप पाठवला. राग नव्हता त्यात, कुतूहलच जास्त होतं. तिने लिहिलं होतं, "सर, त्या मॅडम माझ्या शेजारीच उभ्या होत्या. तुम्ही नुसतं त्यांच्याकडे बोट दाखवलं असतं, तर मी त्यांच्या पाया पडले असते. तुम्हाला असं का वाटलं की मला ते कमी वाटेल?"

 मी तिला बाईंचा पत्ता पाठवला. पुढच्या रविवारी ती आली, बाईंच्या समोर जागा धरून बसली, आणि बाईंनी तिला आधी ब्रश धुवायला पाठवलं.