सासूबाई पुढे, जावई मागे

"अरे मंदार, माझी आई कुठे चालली?"

माझी बायको केतकी इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या झाडावरचा बर्फ खाली पडला. प्रश्न रास्त होता. तिची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, पाच कुत्रे ओढत असलेल्या स्लेजमध्ये, म्हणजे बर्फावरच्या बिनचाकी गाडीत, बसून होक्काइदोच्या जंगलात चालल्या होत्या. त्या स्लेजचा चालक मी होतो. आणि मी स्लेजवर नव्हतो.

हे कसं झालं ते सांगतो. (माझी बाजू ऐकायला घरात कुणी तयार नाही, म्हणून इथे सांगतोय.)

मी जपानमध्ये, कावासाकीत एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो. पाच वर्षं झाली. मला जपानी येत नाही हे या पाच वर्षांत ऑफिसात कुणालाही कळलेलं नाही! त्याचं एक तंत्र आहे. समोरचा बोलत असताना मान हलवत राहायची, आणि तो श्वास घ्यायला थांबला की गंभीर चेहऱ्याने 'हाय' म्हणायचं. हाय म्हणजे हो. तीन-चार 'हाय' झाले की एकदा 'वाकारिमाशिता' टाकायचं, म्हणजे समजलं. मीटिंग संपली की शेजारच्या टेबलावरच्या तानाबे-सानना (सान म्हणजे आपलं 'राव') हळूच मेल करायचा, की मी आत्ता नेमकं काय कबूल केलं? या पद्धतीने आजवर कुणाचं काही बिघडलं नाही. फार तर एखादं बटण उजवीकडचं डावीकडे गेलं असेल. पण बटणात सासूबाई बसलेल्या नसतात.

सासूबाई सांगलीच्या. मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. दोन्ही गुडघे मागच्याच वर्षी बदललेले. त्या महिनाभर आमच्याकडे आल्या, तेव्हा त्यांना खरा बर्फ दाखवायचा म्हणून आम्ही जपानच्या उत्तर टोकाला, होक्काइदोला गेलो. केतकीचं म्हणणं होतं, आईला एखादा बर्फाचा बाहुला करू दे, गरम पाण्यात पाय सोडून बसू दे, झालं. पण मी हॉटेलात कुत्र्यांच्या स्लेजचं पत्रक पाहिलं आणि माझ्या अंगात आलं!

"मंदार, डॉक्टरांनी धक्का नको म्हणून सांगितलंय. गुडघे नवे आहेत तिचे."

"अगं, त्यांना बसायचंच तर आहे! चालवणार मी. आईंची जबाबदारी माझी."

"लिहून देतोस?"

मी नाश्त्याच्या टेबलावरच्या कागदी रुमालावर 'आईंची संपूर्ण जबाबदारी माझी' असं लिहून खाली सही ठोकली. (तो रुमाल अजून केतकीच्या पर्समध्ये आहे. माझा मेहुणा सांगलीत वकील आहे.)

सासूबाईंची तयारी बघण्यासारखी होती. साडी सोडायला त्या तयार नव्हत्या, त्यामुळे भाड्याचा बर्फाचा सूट साडीवरूनच चढवला. वर शाल, वर माकडटोपी, मांडीवर दशम्यांचा स्टीलचा डबा. प्रवासात दशमी नाही म्हणजे तो प्रवासच नाही, हे त्यांचं मत. मी त्यांना स्लेजमध्ये बसवून, दोन ब्लँकेटं गुंडाळून, वरून पट्टा आवळला. फक्त चष्मा तेवढा दिसत होता.

मग आमचे मार्गदर्शक ओनो-सान यांनी सूचना द्यायला सुरुवात केली. दहा मिनिटं ते तळमळीने बोलत होते. पाय दाखवला, ब्रेक दाखवला, दोन्ही हात स्लेजच्या मागच्या दांड्याभोवती घट्ट आवळून दाखवले. एकदा तर ते मुद्दाम बर्फात पडले आणि दांडा न सोडता फरपटत गेले. मला वाटलं, हा करमणुकीचा भाग आहे. मी टाळ्या वाजवल्या.

आमची इरा आठ वर्षांची. कावासाकीतच वाढली, त्यामुळे तिचं जपानी अस्सल. ती माझी बाही ओढत म्हणाली, "बाबा, ओनो-सान म्हणतायत की..."

"इरा, मोठी माणसं बोलतायत ना?"

"पण बाबा..."

"हाय," मी ओनो-सानना म्हणालो. "हाय, हाय. वाकारिमाशिता!"

ओनो-सान खूश झाले. त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला. मीही केला. निघालो!

पुढे ओनो-सान त्यांच्या स्नोमोबाइलवर, मध्ये आमची स्लेज, मागून केतकी आणि इराची. काय सांगू! उणे पंधरा तापमान, दोन्ही बाजूंना पांढरीशुभ्र झाडं, पुढे पाच शेपट्या आणि मागे मी, उभा, ताठ. सासूबाई मात्र दर वळणाला "हळू! हळू!" एवढंच म्हणत होत्या. मला वाटलं, कुत्र्यांना म्हणतायत.

अर्ध्या वाटेत कुत्र्यांना दम घ्यायला ओनो-सान थांबले. मीही ब्रेकवर पाय रोवून थांबलो. आणि तिथे माझी बुद्धी फिरली. शाळेच्या ग्रुपवर टाकायला माझा एकही फोटो नव्हता! मागे उभा असलेला चालक फोटोत येणार कसा? समोरूनच काढायला हवा.

"आई, एक मिनिट हां. समोरून आपल्या दोघांचा सेल्फी काढतो."

मी दांडा सोडला. ब्रेकवरचा पाय काढला. खाली उतरलो.

त्या क्षणी मला समजलं, ओनो-सान दहा मिनिटं काय सांगत होते.

ब्रेकवर पाय नव्हता, आणि स्लेजवर माझे ब्याण्णव किलोही नव्हते! पाच कुत्र्यांनी एकमेकांकडे पाहिलं (हो, पाहिलं, मी साक्षीदार आहे) आणि जी उसळी मारली, ती ओनो-सानच्या स्नोमोबाइलला वळसा घालून सरळ क्षितिजाकडे. गोठलेल्या हवेतून सासूबाईंचा आवाज आला, "मंदाररावऽऽ! अहो, तुम्ही राहिलात!"

मी धावलो. गुडघाभर बर्फात ब्याण्णव किलो जसे धावतील तसा धावलो, म्हणजे तीन पावलं टाकून पालथा पडलो. तोंडातला बर्फ थुंकून कुत्र्यांना हाक मारायची, तर ऐन वेळी एकच जपानी वाक्य आठवलं. ऑफिसात फोनवर म्हणतात ते, "शोऽशोऽ ओमाची कुदासाई!" म्हणजे साधारण, 'कृपया क्षणभर प्रतीक्षा करण्याची तसदी घ्यावी.' कुत्र्यांनी तसदी घेतली नाही.

ओनो-सान 'आऽऽ!' असा आवाज काढून स्नोमोबाइलवर त्यांच्या मागे सुटले. मग मागून केतकीची स्लेज आली.

"थांब! मला घे!" मी हात पसरले.

"दांडा सोडायचा नाही म्हणून सांगितलंय!" केतकी माझ्या अंगावर बर्फ उडवत गेली. "तो रुमाल माझ्याकडे आहे, मंदार!"

"बाबा, गांबात्तेऽऽ!" स्लेजमधून इराने हात हलवला. जपानीत याचा अर्थ, नेटाने प्रयत्न कर.

मग कुणीच नव्हतं. मी, जंगल आणि दोन रेघा उमटलेली वाट. फोन थंडीने बंद पडला होता. मी नेटाने चालू लागलो आणि चालता चालता मेहुण्याशी काय बोलायचं याची तालीम करू लागलो. 'हॅलो दादा, आई मजेत आहेत. जरा पुढे गेल्यात.' नको. 'दादा, आईंना फिरायची आवड होतीच.' होती? होती नको!

थोड्या अंतरावर वाटेत माकडटोपी पडलेली दिसली. मी ती उचलून तिच्यावरचा बर्फ झटकला. आणखी थोड्या अंतरावर एक हातमोजा. मी तो उचलून छातीशी धरला. त्या बाई मला कधी वाकडा शब्द बोललेल्या नव्हत्या. (बोलल्या होत्या, पण त्या क्षणी आठवत नव्हता.) त्यांचे ते नवे गुडघे डोळ्यांसमोर आले. वळणावर स्लेज उलटली असेल तर? पट्टा तर मीच आवळला होता. मग पुढच्या वळणावर डब्याचं झाकण सापडलं, आणि मी रडलो. खोटं कशाला सांगू? त्या थंडीत डोळ्यांतलं पाणी पापणीवरच गोठलं. टोपी, मोजा आणि झाकण पोटाशी धरून, एका डोळ्याने बघत, मी उरलेली वाट पळत काढली.

झाडं संपली तिथे एक लाकडी झोपडी होती. धुराडं चालू. झोपडीसमोर पाच कुत्रे ओळीने बसलेले. प्रार्थनेला बसतात तसे, ताठ! आणि त्यांच्या समोर, खुर्चीवर, हातात चहाचा कप घेऊन सासूबाई. अखंड. गुडघ्यांसकट.

"आई!" मी त्यांच्या पायांशी कोसळलो. "तुम्ही ठीक आहात ना?"

"मला काय धाड भरलीय? माझं झाकण सापडलं का?"

हकिगत कळली ती अशी. वाऱ्याने टोपी गेली. मोजा त्यांनी डबा उघडायला स्वतःच काढला. झाकण निसटलं आणि दशम्यांचा वास सुटला. पुढच्या कुत्र्याने मान वळवली, वेग मोडला, आणि सासूबाईंनी मुख्याध्यापिकेच्या आवाजात फर्मावलं, "मोत्या! सगळे खाली बसा!" सगळे बसले. ओनो-सान पोचले तेव्हा त्यांचे कुत्रे रस्त्यात बसून मराठी ऐकत होते. ओनो-सानचा चेहरा अजून पूर्ववत झालेला नव्हता.

केतकी आईला मिठी मारून एकाच वेळी हसत-रडत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझा डोळा का बंद आहे?" आणि स्वतःच्या गळपट्ट्याने माझी पापणी पुसली. तेव्हा कुठे मी पहिला पूर्ण श्वास घेतला.

इतक्यात ओनो-सान माझ्यापाशी येऊन गंभीरपणे बराच वेळ बोलले. मी मान हलवत म्हणालो, "हाय. हाय." ते समाधानाने वळले.

"इरा," मी हळूच विचारलं, "मी कशाला हो म्हणालो?"

"परत जाताना तू ब्लँकेटमध्ये बसणार. ओनो-सान चालवणार. आणि तू कशालाच हात लावायचा नाहीस."

तर परतीला दोन ब्लँकेटांत गुंडाळलेला, वरून पट्टा आवळलेला मी होतो. सासूबाईंनी तो स्वतः आवळला. नंतर हॉटेलच्या बसमध्ये मी त्यांच्या शेजारी बसलो, डब्याला झाकण लावून दिलं आणि धीर करून विचारलं, "आई, खरं सांगा. एकट्या जंगलात, पाच कुत्रे, तुम्हाला भीती नाही वाटली?"

सासूबाईंनी खिडकीबाहेर बघत दशमीचा तुकडा मोडला.

"वाटली ना. तुम्ही उतरेपर्यंत."