गालाचं अस्तर

कूस गावच्या बखीतनं सनईसारखा मिझमार तोंडाला लावला की लग्नातली घोडी आपोआप पावलं टाकायची. गाल फुगवून तासभर वाजवायचा गडी, सूर तुटायचा नाही. श्वास कधी घेतो हे कुणाला कळलं नाही, आणि तो सांगेल कशाला? इतका संशयी, की बायकोनं चहा दिला तरी पहिला घोट तिलाच घ्यायला लावी!

एकदा तो नावेत चढताना घसरला नि दोन पायांमध्ये नावेची कड बसली. मूत्रमार्ग आतून आक्रसला. लघवीला थेंब थेंब, अर्धा अर्धा तास. दोन वर्षं लपवल्यावर शेवटी त्याची बायको सनिय्या त्याला मोठ्या इस्पितळात घेऊन गेली. गावात बोभाटा नको, म्हणून यानं धंदा सांगितला शेतीचा.

डॉक्टर वहबांनी सगळं तपासलं. मग बॅटरी घेऊन म्हणाले, "तोंड उघडा, हाजी."

"साहेब, दुखणं खाली आहे!"

"माहीत आहे. गालाच्या आतलं अस्तर काढून खाली ठिगळ लावायचंय. सगळ्यात चांगलं तेच."

बखीत तडक उठला. बाहेर येऊन सनिय्याच्या कानाशी लागला, "त्या शेजारच्या किना गावच्या वाजंत्र्यांनी फितवलंय याला. माझा गालच कापायला निघालाय!"

"किनावाल्यांना दुसरे उद्योग नाहीत? आणि मुन्तसरचे बाबा, खोटं तुम्ही सांगितलंत, नि संशय त्यांच्यावर?"

दुसऱ्या दिवशी संमतीच्या कागदावर अंगठा द्यायची वेळ आली. बखीतनं हात मागे घेतला. "साहेब, मी शेतकरी नाही. मिझमार वाजवतो."

डॉक्टरांनी कागद बाजूला सारला. "अहो, हे आधी सांगायचं! गालाला हात लावला तर काही आठवडे वाजवणं बंद. पुढेही आतून ओढ राहू शकते. गालाऐवजी खालचीच कातडी वापरता येईल. पण ती तितकी टिकेलच असं नाही. कदाचित पुन्हा यावं लागेल."

"काल तर गालच चांगला होता!"

"शेतकऱ्यासाठी."

बखीतनं डॉक्टरांचं बोलणं मनात उलटंपालटं करून पाहिलं. कुठे पेच आहे ते शोधत होता बिचारा, सापडेना. माल विकणारा स्वतःच्या मालाची खोट कधी सांगतो का? हा तर न विचारता सांगत होता.

"कातडीच घ्या," तो म्हणाला. "पुन्हा यावं लागलं तर येईन. पण तुम्ही इथेच असाल ना? बदली-बिदली?"

"असेन, हाजी."

ऑपरेशन झालं, नि तीन आठवड्यांनी लघवीची नळी निघाली. बखीत मोरीत गेला नि लगेच बाहेर आला. सनिय्या घाबरली. "काय हो, होत नाही?"

"झाली!" असं म्हणून त्यानं तिथेच इस्पितळाच्या ओसरीत मिझमार काढला आणि गाल फुगवले. नर्स ओरडत आली, पण तिला दोन शब्द बोलायलाही फट मिळेना.