एक वेत होऊ दे

कुत्रीचं ऑपरेशन कधी करावं, असं आज कोणी विचारलं की आधी माझं तोंड कडू होतं. मग मी सांगते. पहिल्या माजाआधी केलं तर पुढची बरीच दुखणी टळतात. पण काही कुत्र्या अंगानं सुटतात, सुस्तावतात, एखादीची म्हातारपणी झोपेत लघवी गळते. मी नंतर पाळलेलीची गळायची, तिची चिंधी मी रोज धुतली. फार कोवळ्या वयात करू नये, माजावर असताना सहसा करू नये. डॉक्टरला जनावर दाखवावं आणि तो सांगेल ते ऐकावं. एवढं साधं आहे. आमच्या घरात हे साधं कोणाच्या डोक्यात शिरलं नाही, आणि का शिरलं नाही ते आठवलं की अजून शिसारी येते.

साठ सालानंतरची गोष्ट. आम्ही अकोल्याला जुन्या शहरात राहत होतो. मी मुलींच्या शाळेत शिकवायची, नवरा कचेरीत कारकून. सासऱ्यांनी तिवशाकडची शेती थोरल्या मुलाच्या हवाली केली होती आणि ते आमच्याकडे येऊन राहिले होते. गुराढोरांतलं त्यांना फार कळायचं. गोऱ्हा कधी ठेचून बैल करायचा, कालवड कधी फळवायची, हे विचारायला लोक घरी येत. गाईच्या पोटाला हात लावून ती किती महिन्यांची गाभण आहे ते ते सांगत, आणि ते बरोबर निघे. त्या हाताचा त्यांना भारी गर्व.

नवऱ्यानं बडनेऱ्याच्या एका रेल्वे गार्डाच्या घरून कुत्रीचं पिल्लू आणलं. तांबूस, लांब कानांचं. मला तेव्हा मूलबाळ नव्हतं. मी शाळेतून येईपर्यंत ती दारात बसून राहायची. माझा जीव तिच्यावर जडला, यात लपवायचं काय.

ती सहा महिन्यांची झाली तेव्हा मी गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरला घरी बोलावलं. तरुण होता, नुकताच शिकून आलेला. त्याच्या घरच्यांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली होती. गल्लीला त्याच्याबद्दल एवढंच ठाऊक होतं, आणि जास्त काही ठाऊक करून घ्यायचंही नव्हतं. त्यानं तिचं पोट तपासलं, तोंड पाहिलं, आणि मला नीट समजावलं.

"बाई, अजून माजावर आली नाही. महिनाभरात करून टाकू. बेशुद्ध करण्यात धोका असतो, तो मी लपवत नाही. पुढं जाडी होईल, खाणं आवरावं लागेल. पण दर वेळच्या पिल्लांचा ताप नाही, आणि पिशवीत पू होण्याची भीती नाही."

सासरे ओट्यावरून ऐकत होते. डॉक्टर वळणावर दिसेनासा झाला तसे बोलले, "एक वेत होऊ दे. मंग कर काय करायचं ते. कालवड बिगर वेताची ठेवली त अंग नासते तिचं."

"मामाजी, ती कुत्री आहे."

"जनावर ते जनावर. आन कालपरवा धरम बदलला, आज आमाले ढोरं शिकवून राहिला. त्याचा हात कावून लागू द्याचा घरच्या जिवाले?"

नवरा पेपर वाचत होता. वाचतच राहिला. मला किळस आली, पण मीही ताणलं नाही. एक वेत तर एक वेत, असं मनाशी म्हटलं आणि शाळेच्या वह्या तपासायला बसले.

दिवाळीनंतर ती माजावर आली. मी तिला मागच्या खोलीत कोंडलं, तर मी शाळेत गेल्यावर सासऱ्यांनी दार उघडून दिलं. परत आले तेव्हा दारासमोर सात-आठ कुत्रे, आणि ओट्यावर तंबाखू मळत बसलेली चार म्हातारी माणसं. कोणता नर बरा, यावर त्यांची चर्चा रंगली होती. एकानं मला पाहून खाकरल्यासारखं केलं आणि बाकीचे हसले. ती अजून स्वतःच पिल्लू होती, वाढ पुरी झाली नव्हती. त्या हसण्याची घाण मला कित्येक दिवस अंगाला चिकटल्यासारखी वाटत होती.

सात पिल्लं झाली. तीन नर लोकांनी आधीच सांगून ठेवले होते, ते डोळे उघडताच नेले. राहिल्या चार माद्या. "मादी कोन पाळते?" सासरे म्हणाले. एका सकाळी नवऱ्यानं पोतं सायकलच्या मागं बांधलं आणि मोर्णा नदीकडं गेला. आला, हात धुतले, जेवायला बसला. मी त्याला भाकर वाढली. कुत्री पलंगाखाली, मोरीत, चुलीमागं हुंगत फिरत होती. दुधानं तिची थानं दगडासारखी झाली होती.

दूध आटल्यावर मी ऑपरेशनचा विषय काढला. सासऱ्यांचं नवीनच, "आता व्याली न, अंग भरू दे." अंग भरेपर्यंत पुढचा माज आला. यावेळी मी तिला तीन आठवडे कुलपात ठेवलं आणि किल्ली कमरेला खोचून शाळेत गेले. एकही कुत्रा तिच्यापर्यंत पोचला नाही.

त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी तिचं पोट दिसू लागलं. बादलीभर पाणी प्यायची. मागून पिवळं, घट्ट काहीतरी गळू लागलं, आणि त्याला असा वास की माझ्या हातचा घास तोंडात जाईना. सासऱ्यांनी पोटाला हात लावला, डोळे मिटले आणि सांगितलं, "गाभन आहे. दोन महिन्यायची."

"मामाजी, ती कुलपात होती."

"माह्या हाताले कळते, सूनबाई. मले नको शिकवू."

आठ दिवस त्यांनी तिला जवस आणि गूळ चारला. आठ दिवस मी चिंध्यांनी तो पू पुसत राहिले. मला दिसत होतं, कळत होतं, डॉक्टरचे शब्दही आठवत होते. नवव्या दिवशी तिला उठवेना. तेव्हा कुठं मी कोणालाही न विचारता टांगा बोलावला आणि तिला मांडीवर घेऊन दवाखाना गाठला.

डॉक्टरनं उशीर का केला म्हणून विचारलं नाही. पोट उघडून जे काढलं ते त्यानं मला एनॅमलच्या तसराळ्यात दाखवलं. मनगटाएवढी जाड पिशवी, तुडुंब भरलेली. "हे तेव्हा दोरीएवढं असतं, बाई," इतकंच म्हणाला. मी बाहेर येऊन भिंतीशी ओकले. दोन रात्री तो तिच्याजवळ बसून होता. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

ते सांगायला तो स्वतः आमच्या घरी आला. ओट्यावर सासरे होते, शेजारपाजारचे तिघंचौघं होते. त्यानं तोंड उघडायच्या आतच सासरे म्हणाले, "मारली न कुत्री? मी पयलेच सांगतलं होतं. त्या हाताले यश नाई."

डॉक्टरनं माझ्याकडं पाहिलं. मी दारात उभी होते. सहाव्या महिन्यातच यांनी सांगितलं होतं, आपण ऐकलं नाही, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. शाळेत चाळीस पोरींना खरं बोला म्हणून दटावणारी मी, तोंडात मिठाची गुळणी धरून उभी राहिले. तो मान हलवून निघून गेला.

सासऱ्यांनी ती गोष्ट महिनाभर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितली. गल्लीनं त्याला बोलावणं सोडलं, मग पलीकडच्या गल्लीनं. कोणी विचारायला आलं तर मी आत असायची. वर्षाच्या आत तो बदली मागून घेऊन गेला. बातमी नवऱ्यानं जेवताना सांगितली आणि माझ्या मनात पहिलं काय आलं असेल, तर बरं झालं, आता रस्त्यात समोर यायचा नाही. सासऱ्यांची किळस मला होतीच, नवऱ्याचीही होती. त्या दिवसापासून मला माझी आली, आणि ती काही गेली नाही.