मागच्या सीटवरचा ब्रेक

आमच्या भागात ज्याला गाडी चालवता येते त्याने मास्तरांचा ओरडा खाल्लेला असतो, आणि ज्याने तो खाल्लेला नाही त्याच्या गाडीत बसायला आम्ही राजी नसतो. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, गाडी शिकवणारे. छपरावर पिवळी पाटी लावलेली त्यांची छोटी गाडी रस्त्यात दिसली की जाणते लोक आपापली वाहनं कडेला घेतात आणि कुत्रीसुद्धा रस्ता ओलांडायचा बेत पुढे ढकलतात. या गाडीत एक ब्रेक शिकणाऱ्याच्या पायाशी असतो आणि दुसरा शेजारी बसलेल्या मास्तरांच्या पायाशी. पहिला नुसता शोभेचा. गाडी थांबते ती दुसऱ्याने.

आयुष्यभर दुसऱ्याच्या चुकीवर पाय रोखून बसलेल्या माणसाचं जे व्हायचं तेच मास्तरांचं झालं आहे. बसमध्ये बसले तरी त्यांचा उजवा पाय समोरचा पत्रा दाबत असतो. टीव्हीवर गाड्यांचा पाठलाग सुरू झाला की त्यांच्या सोफ्यासमोरचं टेबल वीतभर पुढे सरकतं. दाढी करणाऱ्याला ते हनुवटीच्या वळणावर वेग कमी करायला सांगतात. उजवा बूट डाव्याच्या आधी झिजतो, त्यामुळे ते दुकानाच्या पायरीवर दिसले की चांभार न विचारता उजव्या बुटासाठी हात पुढे करतो. माझ्या पुतण्याने लग्न ठरल्याची बातमी दिली तेव्हा मास्तरांनी त्याचं अभिनंदन केलंच, पण त्याआधी त्याला विचारलं, आरसा बघितलास का, मागून कोणी येत नाही ना?

अशा माणसाने सायकलवरून समुद्रकाठच्या दीपगृहापर्यंत जायचं जाहीर केलं, तेव्हा आम्हाला हसू आवरेना.

कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं. मास्तरांची बायको, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या वहिनी, सरकारी रुग्णालयात वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या वॉर्डात नर्स आहेत. त्या बाळांना उबेत ठेवायच्या काचेच्या पेट्या वॉर्डात दोनच. तिसरं बाळ आलं की त्याला रुग्णवाहिकेतून मोठ्या शहरात पाठवावं लागतं. तशा वेळी त्याच्या आईला काय सांगायचं, हे इतक्या वर्षांच्या नोकरीत वहिनींना जमलेलं नाही. तेव्हा रुग्णालयाने आणि सायकल क्लबने मिळून बेत काढला, की दोन दिवसांची सायकलफेरी करायची, प्रत्येक स्वाराने ओळखीपाळखीच्या लोकांकडून देणगीचा शब्द घ्यायचा, आणि स्वार दीपगृहाला पोचला की लोकांनी शब्द पाळायचा.

मास्तरांनी नाव दिलं मात्र, देणग्यांचा पूर आला. त्यांच्या हाताखालून गेलेली माणसं म्हणजे अर्धं शहर. एकेकाने जुने ओरडे आठवून आठवून शब्द दिला. मास्तर घामाघूम होऊन चढ चढताहेत आणि आपण बाजूने गाडीतून जाताना त्यांना 'क्लच सोडा सावकाश' असं सांगतो आहोत, या नुसत्या कल्पनेवर मोठमोठे व्यापारी विरघळले. वॉर्डाचे डॉक्टर म्हणाले, तिसरी पेटी मास्तरांच्या एकट्याच्या बळावर येईल. फक्त त्यांनी पोचायला हवं.

आणि इथेच माशी शिंकली. मास्तरांच्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. शस्त्रक्रिया चांगली झाली, पण डोळ्यांच्या डॉक्टरांनी या वर्षात रस्त्यावर एकट्याने सायकल चालवायला साफ मनाई केली. हे डॉक्टरही मास्तरांचे शिष्य. मास्तरांना 'थांबा' म्हणायची संधी त्यांना जन्मात पहिल्यांदा मिळाली होती आणि ती त्यांनी चांगली तीनतीनदा घेतली.

क्लबच्या प्रमुखाने तोड काढली. क्लबकडे दोन सीटची एक लांबलचक सायकल होती. पुढे कोणी तरी चांगल्या नजरेचा बसेल, तो वळवेल, थांबवेल. मास्तरांनी मागे बसून पायडल मारायचं. मागच्या स्वारालाही हँडल असतं, पण ते घट्ट बसवलेलं, नुसतं धरायला. ते वळत नाही. आणि मागे ब्रेक नसतो.

हे शेवटचं वाक्य ऐकून मास्तर पाणी प्यायला आत गेले.

पुढे बसायला आधी एक बँकेतला अधिकारी तयार झाला. पहिल्याच वळणावर मागून खणखणीत आवाज आला, 'आरसा!' सायकलला आरसा नव्हता. पण जुना धाक तो, बिचाऱ्याने आरसा शोधला, आणि तो शोधता शोधता दोघं एका बंगल्याच्या कुंपणात गेले. दुसरा आला बेकरीवाला, पहाटे भट्टीशी झुंजणारा राकट गडी. तो मैदानाला एक फेरी मारून उतरला आणि म्हणाला, मास्तर, मी देणगी वाढवून देतो, पण मला मोकळं करा.

मग वहिनी म्हणाल्या, मी बसते पुढे.

वहिनी कित्येक वर्षं ड्यूटीला सायकलवरूनच जातात. पिशवी हँडलला, डबा कॅरियरला, आणि अंगात एक शांत गती. मास्तरांनी लग्नानंतर हौसेने त्यांना गाडी शिकवायला घेतली होती. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी भर चौकात इतक्यांदा ब्रेक दाबला, की वहिनी दार उघडून उतरल्या, मागच्या सीटवरची भाजीची पिशवी घेतली आणि चालत घरी गेल्या. त्यानंतर त्या विषयावर त्या घरात कोणी बोललेलं नाही. म्हणूनच त्यांनी आता घातलेली अट आम्ही सगळ्यांनी कुंपणापलीकडून लक्ष देऊन ऐकली.

"माझ्यामागे बसायचं तर मुकाट बसायचं. हळू नाही, जोरात नाही, आरसा तर नाहीच. ज्या दिवशी तुम्ही मला थांबवाल, त्या दिवशी मी उतरेन."

मास्तरांनी मान डोलावली. तोंड बंद ठेवायची त्यांची खरोखर तयारी होती. पण त्यांच्या हातापायांना कोणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती लांब सायकल ढकलत ते नाक्यावरच्या सायकलवाल्याकडे गेले आणि मागच्या हँडलखाली एक ब्रेक बसवायला सांगितला. सायकलवाल्याने समजावलं, मास्तर, मागे ब्रेक नसतो. मास्तर म्हणाले, म्हणूनच बसवायचा. सायकलवाल्याने मागच्या चाकाला आणखी एक ब्रेक जोडून दिला, तोही घट्ट, कारण मास्तरांना सैल ब्रेक खपत नाही हे त्याला स्वतःच्या लायसन्सच्या परीक्षेच्या वेळेपासून ठाऊक होतं. मास्तरांनी त्या ब्रेकच्या मुठीवर एक जुना नॅपकिन गुंडाळला. हाताला घाम येतो, असं घरी सांगितलं. वहिनींना कौतुक वाटलं. मास्तर म्हणजे तयारीचा माणूस.

सराव सुरू झाला. वहिनी पुढे, मागे मास्तर, तोंडाला कुलूप. आम्ही गच्च्यांवरून बघायचो आणि चकित व्हायचो. हा माणूस खरंच सुधारला. उतारावर सायकल जरा वेगात निघाली की ते शांत चेहऱ्याने नॅपकिन दाबत. वळण आलं की दाबत. समोरून बस आली की दाबत, आणि बस गेल्यावर, ती गेल्याच्या आनंदात, पुन्हा एकदा. चढावर सुद्धा भीतीने त्यांची बोटं आवळलेली असायची. चढावर ब्रेक लावणारा माणूस जगाच्या पाठीवर दुसरा सापडायचा नाही.

वहिनींना हे काही ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच कळत होतं, की सायकल जड जाते. त्यांनी चेनला तेल घातलं. चाकात हवा भरली. डब्यात एक केळं जास्त घेतलं. तरी पाय भरून यायचे ते यायचेच. वॉर्डातून घरी आल्या की पायऱ्या कठड्याला धरून चढायच्या. ज्या बाईने रात्रपाळ्या हसत काढल्या, ती आता खुर्चीत बसल्या बसल्या पेंगू लागली. आम्ही म्हणालो, वय झालं आता. हे आम्ही त्यांच्या तोंडावर म्हणालो, कारण आम्ही शेजारी.

क्लबची चाचणी एका रविवारी ठरली होती. लांबचा घाट उतरून पुन्हा वर यायचं. जो वेळेत परत येईल त्याला फेरीत घेणार, बाकीच्यांनी घरून टाळ्या वाजवायच्या. आदल्या संध्याकाळी वहिनी स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसल्या होत्या. मास्तर शेजारी बसून सालं एका रांगेत लावत होते. पुढचं वहिनींनीच नंतर आम्हाला सांगितलं.

त्या म्हणाल्या की उद्या मी येत नाही. क्लबला सांगा, दुसरं कोणी तरी बघा. मास्तरांनी विचारलं, म्हणजे? मी काय बोललो? वहिनी म्हणाल्या, तुम्ही काही बोलला नाहीत, तोच तर त्रास आहे. तुम्ही एवढा शब्द पाळलात आणि मीच कमी पडले.

"माझ्यात दम उरला नाही हो. उद्या मी मध्येच थांबले तर तुमचं नाव कटणार, आणि पेटी जाणार. माझ्या पायांपायी ती जायला नको."

मास्तरांनी एक साल उचललं, ते सरळ केलं, आणि पुन्हा तिथेच ठेवलं. समोर दोन रस्ते होते. गप्प बसले तर वहिनी बाजूला होतील, कोणी तरी धट्टाकट्टा पुढे येईल, नॅपकिनखाली काय आहे ते कोणाला कळणार नाही. फक्त ही बाई उरलेलं आयुष्य स्वतःला म्हातारी समजून कठडे धरत राहील. बोलले, तर अटीप्रमाणे ती उतरणार. जोडी मोडणार, पेटीही जाणार. आयुष्यात पहिल्यांदाच मास्तरांना ब्रेक कुठे दाबायचा ते कळेना.

मग ते बोलले. सगळं बोलले. सायकलवाला, घट्ट ब्रेक, नॅपकिन, उतार, वळण, बस, चढ. चढावर आल्यावर त्यांचा आवाज फारच खाली गेला.

वहिनी उठल्या. हात धुतले. पदराला पुसले. अंगणात जाऊन सायकलचं मागचं चाक उचललं आणि हाताने गरकन फिरवलं. चाक अर्धी फेरी फिरून करकरत थांबलं. ब्रेकचं रबर चाकाला चिकटूनच होतं. नॅपकिनवर कोणाचा हात नसतानाही ते सुटत नव्हतं. वहिनींनी पुन्हा फिरवलं. पुन्हा थांबलं. मग त्या मटकन पायरीवर बसल्या आणि हसायला लागल्या. मास्तरांनाही हसावंसं वाटलं, पण त्यांनी विचार केला आणि ते हसले नाहीत. हे त्यांचं शहाणपण. कारण हसता हसता वहिनींनी डोळे पुसले.

मग म्हणाल्या, "मी वॉर्डात रजेचा अर्ज देणार होते. म्हटलं, हातपाय थकले, बाळं हातातून निसटायला नकोत."

मास्तर खाली बसले. पाना आणला होता, तो हातात तसाच राहिला.

"काढा," वहिनी म्हणाल्या. "सायकलवाल्याकडून नाही. तुमच्या हाताने, आत्ता, माझ्यासमोर."

मास्तरांना गाडीचं इंजिन झोपेत उघडता येतं, पण तो एवढासा ब्रेक काढायला त्यांना फार वेळ लागला. एक नट दोनदा हातातून पडला. वहिनींनी मदत केली नाही. अट मोडली होती, तेव्हा उतरायचं का, हेही त्यांनी सांगितलं नाही. सुटलेला ब्रेक मास्तरांच्या हातात राहिला तेव्हा त्या आत गेल्या आणि राहिलेले बटाटे सोलले.

सकाळी मास्तर उठून बाहेर येतात तो वहिनी सायकलपाशी उभ्या, डबा कॅरियरला लावलेला. त्यांनी फक्त मागच्या सीटकडे मानेने खूण केली.

घाटाच्या माथ्यावरून सायकली सुटल्या. पुढे रुग्णालयातली तरुण डॉक्टर मंडळी, अंगाला चिकटलेले रंगीबेरंगी कपडे, डोक्यावर टोकदार हेल्मेटं. मागे आमची जोडी: वहिनी पंजाबी ड्रेसमध्ये, मास्तर फुल पँटीत, ती चेनमध्ये अडकू नये म्हणून चिमटा लावलेला. उतार सुरू झाला आणि सायकल अशी सुटली, की वहिनींनीच हँडल घट्ट आवळलं. इतके दिवस जो भार त्यांनी ओढला होता तो नव्हताच. वळणांवर त्यांनी आपल्या हिशोबाने वेग कमी केला, आपल्या हिशोबाने सोडला. मागून आवाज नाही. एका वळणावर समोरून भला मोठा ट्रक आला. तरी आवाज नाही. वहिनींना भलतीच शंका आली. मान वळवायची सोय नव्हती.

"अहो, आहात ना?"

"आहे," मागून आलं. आवाज बारीक होता, पण स्थिर.

परतीच्या चढावर त्यांनी एकेका डॉक्टरला मागे टाकलं. ब्रेक ओढत केलेल्या सरावाने वहिनींचे पाय लोखंडासारखे झाले होते. डॉक्टर मंडळी धापा टाकत असताना ही बाई आजूबाजूची झाडं बघत चालली होती. माथ्यावर क्लबप्रमुख घड्याळ हातात घेऊन उभा होता, त्याने ते झटकून पुन्हा पाहिलं.

चहाच्या टपरीवर सगळे जमले तेव्हा मास्तरांना कंठ फुटला. इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं एकदम बाहेर आलं. तरुण डॉक्टरांना भोवती घेऊन ते समजावू लागले, की सराव कसा हवा, तर विरोधाविरुद्ध. मी मुद्दामच आमच्या सायकलला मागून थोडा ब्रेक ठेवला होता, त्याने पायात ताकद येते, ही माझी खास पद्धत. डॉक्टर माना डोलवत होते. एकाने तर ब्रेक कोणता वापरला तेही विचारलं.

वहिनींनी चहा संपेपर्यंत ऐकून घेतलं. मग कप खाली ठेवून म्हणाल्या, "चांगली पद्धत आहे. डोळे बरे झाले की तुम्ही पुढे बसा. ब्रेक मी ठेवते."

टपरीवर एकच हशा पिकला. सगळ्यात उशिरा आणि सगळ्यात मोठ्याने मास्तर हसले. क्लबप्रमुखाने वहिनींना विचारलं, मग तुमच्या जोडीचं नक्की समजू ना? दीपगृहापर्यंत?

वहिनींनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी तोंड उघडलं, आणि मिटलं.

"नक्की समजा," वहिनी म्हणाल्या, आणि डबा उचलून सायकलकडे निघाल्या. मास्तर त्यांच्यामागे निघाले, दोन पावलं अंतर ठेवून.