डोंगरावरचा खजिना आणि सासूबाईंची बोरमाळ

डोंगर चढताना माझ्या मुलांचे पाय दुखतात, पोट दुखतं, आणि एकदा तर धाकट्याचे केस दुखले होते.

तेव्हा आम्ही मोरिवलीत राहायचो. मी तिथल्याच एका कंपनीत सुपरवायझर. रविवार उजाडला की मुलं केबलवरच्या कार्टूनसमोर जी बसायची, ती जेवणही तिथेच. म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवलं की अधूनमधून डोंगर चढायचा. (सगळ्यांनी मिळून म्हणजे मी ठरवलं आणि बाकीच्यांना कळवलं.) बदलापूर रोडच्या मागचा डोंगर काही फार उंच नाही. पण आमची सुजाता आणि तिच्याहून लहान गोट्या, दोघं पहिल्याच वळणावर फतकल मारायची. मी काय काय नाही केलं! भेंड्या लावल्या, तर 'ठ' आला आणि तो आठवेपर्यंत दोघं बसून राहिली. शर्यत लावली, तर गोट्या खालच्या दिशेनं पळाला आणि जिंकला! वाट चुकू नये म्हणून वळणावळणावर खूण टाकत जायची, हे जंगलातलं शास्त्र शिकवलं, तर म्हणाला, "इथूनच परत जाऊ ना, म्हणजे चुकणारच नाही."

"अरे, गावातली पोरं रोज एवढं चालून शाळेत जातात!"

"मग त्यांना आणा ना पप्पा."

शेवटी एका शनिवारी, थंडीच्या दिवसांत, मला कल्पना सुचली. खजिना! डोंगरावर खजिना लपवायचा आणि पोरांना सांगायचं, पळा! बायको, म्हणजे वैशाली, भाजी आणायला गेली होती. कपाटावर तिचा बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता, खोट्या दागिन्यांचा. उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातल्या बाजारातून दर लग्नाला आणलेले हार, बांगड्या, झुमके. (तिथला दुकानदार म्हणाला होता, "भाभी, असली इसके सामने फीका लगेगा." माणूस खरं बोलत होता, पण ते आम्हाला नंतर कळलं.) त्यातली एक मूठ मी चहापत्तीच्या रिकाम्या डब्यात कोंबली, स्कूटरला किक मारली आणि अर्ध्या डोंगरावरच्या पठारावर, करवंदीच्या जाळीखाली डबा ठेवून आलो. रात्री झोपेत मी चक्क हसत होतो म्हणे.

दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे पहिल्या वळणावर दोघांनी बसकण मारली. मी आवाज बारीक केला. "गावात बोलतात, वर पठारावर, करवंदीच्या जाळीत, खजिना आहे."

बस्स! बोलणं संपायच्या आत दोघं दिसेनाशी झाली. जो मुलगा जिन्याचे दोन मजले कडेवर चढायचा, तो शेळीसारखा उड्या मारत गेला!

"अहो, काय जादू केलीत?" वैशालीनं कौतुकानं विचारलं. लग्नानंतर तसं कौतुक पहिल्यांदाच वाट्याला येत होतं, म्हणून मी जरा तिखटमीठ लावूनच सांगितलं. तुझे खोटे दागिने, चहाचा डबा, जाळी, सगळं.

ती थांबली. "कुठल्या डब्यातले?"

"कपाटावरच्या. बिस्किटांच्या."

"अहो, त्यात आईची बोरमाळ होती!"

आता ही बोरमाळ म्हणजे साधं प्रकरण नव्हे. विठ्ठलवाडीच्या माझ्या सासूबाईंना ती त्यांच्या सासूनं दिलेली. अस्सल सोन्याचे मणी. पुढच्या रविवारी माझ्या मेव्हण्याचं लग्न होतं, बुद्धविहारात. तेवढ्यापुरती लेकीला दिलेली, तीही "घाल, मिरव आणि तिथल्या तिथं परत कर" या अटीवर.

"अगं पण खोट्यात खरी कशाला ठेवलीस?"

"चोर आला तर कपाट फोडतो! पत्र्याच्या डब्यातल्या खोट्याला कोण हात लावतंय? आईनं जन्मभर असंच सांभाळलं."

"मग कपाटात कुलूप लावून काय ठेवलंयस?"

"चांगलेवाले खोटे! काहीच हाताला लागलं नाही तर चिडून मिक्सर नेईल ना तो!"

"म्हणजे चोर बोरमाळ नेणार नाही..."

"चोर नाही हो नेत! नवरा नेतो!"

आणि ती पळत सुटली. साडीचा ओचा खोचून, चपला हातात घेऊन. मी मागून धापा टाकत. पठारावर पोहोचलो तर जाळीपाशी चहाचा डबा उघडा पडलेला. आत काही नाही. आणि मुलंही नाहीत!

"सुजाता! गोट्या!" हाका मारून घसा बसला. उत्तर नाही. खरं सांगतो, त्या क्षणी बोरमाळ गेली खड्ड्यात असं वाटलं. वैशालीच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरं नुसती दिसू देत, परत कधी डोंगराचं नावही काढणार नाही, असं मी मनातल्या मनात कबूल करून टाकलं.

तेवढ्यात वरच्या पायवाटेवर काहीतरी चमकलं. वाकून बघतो तर सोन्याचा मणी! पुढच्या वळणावर अजून एक. त्याच्या पुढे अजून एक. मी मणी उचलत पुढे, वैशाली "हे भगवान, हे भगवान" करत मागे, आणि असे आम्ही थेट माथ्यावर. तिथे दोघं ऐटीत बसली होती! सुजातानं गळाभर हार घातलेले, गोट्याच्या दोन्ही कानांना झुमके लटकलेले.

वैशालीनं आधी दोघांना कवटाळलं आणि मग दोघांना एकेक धपाटा घातला.

"इकडे कशाला आलात रे?"

"पठारावर एवढं मिळालं, तर वर अजून असणार ना!" सुजाता म्हणाली.

"आणि ही माळ कोणी तोडली?"

गोट्या अभिमानानं उभा राहिला. "मी! दातानं! पप्पा म्हणाले होते ना, वळणावळणावर खूण टाकायची."

"अरे पण हीच का?"

"बाकीचे चमकतायत, मम्मी. ही जुनाट होती."

वैशालीनं माझ्या मुठीतले मणी पदरात ओतून घेतले आणि एकेक मोजायला लागली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

मग उतरताना आम्ही चौघं रांगत होतो. गवत विंचरलं, दगड उलटे केले. लाकडाची मोळी घेऊन उतरणारी एक मावशी थांबली. "काय शोधताय?"

घाबरून माझ्या तोंडून निघालं, "बोरं वेचतोय."

"इथं बोरीचं झाड नाय कुठं," ती म्हणाली आणि आमच्यापासून जरा लांबूनच पुढे गेली.

बरेचसे मणी सापडले, काही डोंगरानं ठेवून घेतले. पटवेकऱ्याकडून माळ पुन्हा ओवून घेतली. लग्नात सासूबाईंनी लेकीकडे निरखून बघितलं.

"काय गं, बोरमाळ गळ्याला लागून का बसलीय?"

"हल्ली तीच फॅशन आहे, आई."

"नाही आजी!" गोट्या भर विहारात ओरडला. "पप्पांनी ती डोंगरावर लपवली आणि मी टाकली!"

वऱ्हाड माझ्याकडे वळलं. सासूबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "जावईबापू," त्या शांतपणे म्हणाल्या, "पोरगी दिली तीही सांभाळताय ना?"

त्यानंतर वैशालीनं खऱ्या दागिन्यांची जागा बदलली. ती कुठे आहे, हे सासूबाईंना माहीत आहे, सुजाताला माहीत आहे, गोट्यालासुद्धा माहीत आहे. माहीत नाही ते फक्त दोघांना. एक चोर आणि दुसरा मी.