मेडशीच्या पंगतीतली हळू गाणी

"लग्नाला चाललीस की झोपायला?" असं आमच्या ह्यांनी नाशिक रोड स्टेशनवर विचारलं, कारण माझ्या पर्समध्ये आहेराच्या पाकिटापेक्षा इअरफोन वर होते. ज्यांना लाउंज आणि चिल-आउट संगीत म्हणजे दाताच्या दवाखान्यात वाजतं ते एवढंच ठाऊक आहे, त्यांच्याशी फलाटावर वाद घालण्यात काय अर्थ?

मला मात्र असल्या गाण्यांच्या मिश्र संग्रहांचं वेड आहे, आणि ते लपवायचं माझं वय गेलं. एका गाण्यात कोणी परदेशी बाई कानात कुजबुजल्यासारखी गाते, तिच्यामागून सरोद येतो, मग वाळवंटातला कुठला तरी ढोल, मग सॅक्सोफोन. यातलं एकेक गाणं सुटं काढून ऐकलं तर म्हणाल, हे काय! पण कोणीतरी ती अशी शेजारी शेजारी बसवलेली असतात की एकमेकांची भाषा न कळणारी माणसं एका ओसरीवर निवांत गप्पा मारत बसल्यासारखी वाटतात. खरी करामत त्या बसवणाऱ्याची.

हे वेड मला लावलं गौतमभाऊंनी. आमच्या ऑफिसात ते हेडक्लार्क होते, मूळ वाशीम जिल्ह्यातल्या मेडशीचे. डब्याच्या सुट्टीत बाकीचे साहेबांची निंदा करत आणि आम्ही दोघं एकेक कान वाटून घेऊन गाणी ऐकत असू. निवृत्त होऊन ते गावी गेले आणि तिथे स्वतःच असे संग्रह जुळवू लागले. मग जानेवारीत त्यांचा फोन आला: मुलीचं, प्रज्ञाचं लग्न आहे, डीजे लावणार नाही, पंगतीला आपली हळू गाणी वाजणार, तुम्ही यायचंच. मी म्हटलं, पायी यावं लागलं तरी येईन.

पायी नाही, पण उलटं मात्र यावं लागलं. अकोल्याला सकाळी उतरून वाशीमची एसटी धरली. पातूर सोडल्यावर घाट लागतो. सागाची झाडं, वळणं, खिडकीतून येणारं कोवळं ऊन. मी इअरफोन लावले आणि जाग आली ती थेट पुढच्या, वाशीमकडच्या मालेगावच्या स्टँडवर. कंडक्टर म्हणाले, "मेडशी मेडशी म्हनून गळा सुकला माहा. तुमी हासून राह्यल्या झोपेत, मंग काहून उठवा?" काळीपिवळी जीपमध्ये चौघींच्या सीटवर सहावी होऊन, मांडीवर कुणाचं तरी कोथिंबिरीचं गाठोडं घेऊन, मी मागे मेडशीला आले.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना तुरी उभ्या होत्या, शेंगा भरलेल्या. गौतमभाऊंच्या घरी मांडवाचे बांबू रोवणं चाललं होतं. त्यांच्या पत्नी, शोभावहिनी, यांनी हातपाय धुवायच्या आत ताट वाढलं: ज्वारीची भाकर, ठेचा आणि सोल्याची (तुरीच्या ओल्या दाण्यांची) रस्साभाजी. अहाहा! तिखटाने डोळ्यांना धारा लागल्या, तरी मी दुसऱ्यांदा मागून घेतली.

गौतमभाऊ जेवले नाहीत. त्यांनी मला मागच्या अंगणात नेलं आणि गाण्यांचा क्रम दाखवला. पुरी-भाजीला बासरी, वरणभाताला ती कुजबुजणारी बाई, मठ्ठा फिरेल तेव्हा जरा उड्या मारणारा ट्रम्पेट. सगळं मोजूनमापून बसवलेलं. पण पुन्हा पुन्हा तोच क्रम तपासत होते. या भागात डीजेवाचून पंगत झालेली कोणाच्या पाहण्यात नव्हती. त्यांचा मेहुणा, म्हणजे शोभावहिनींचा भाऊ नामदेव, सकाळपासून ऐकवत होता की मयताला आल्यासारखं वाटन लोकांना.

"लोकं मले हासले त हासू द्या, ताई," गौतमभाऊ म्हणाले. "पन पोरीच्या सासरचे हासले, त तिले जलमभर आयकाव लागन. तुह्या बापानं झोपीचे गाने लावले म्हनून."

मी प्रज्ञालाच विचारलं, बाई गं, डीजे लावला तर काय बिघडलं? हळदीने माखलेली ती पोर म्हणाली की हट्ट तिचाच आहे. लग्न ठरलं तेव्हा सगळी बोलणी पुरुषांत झाली. सासूबाई दोनदा भेटल्या, दोन्ही वेळा नुसत्या हसल्या. बहिणीच्या लग्नात विहिणीच्या पंगतीला डीजे असा दणाणत होता की शेजारी बसलेल्या सासूचं एक अक्षर तिला कळलं नाही. "मले त्याहीचा आवाज तरी आयकू येऊ दे, मावशी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कामरगावहून वऱ्हाड वेळेवर आलं, हेच नवल. बुद्धवंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं, पांढऱ्या साडीत प्रज्ञा फार गोड दिसत होती. लग्न लागलं आणि पहिली पंगत बसली. एका अंगाला पुरुष, नवरदेवाचे आजोबा सगळ्यांत वर. मधे ऐसपैस जागा सोडून पलीकडे विहिणीची पंगत, तीत सासूबाईंच्या बाजूला प्रज्ञा. बासरी सुरू झाली.

आधी सगळे एकमेकांकडे बघायला लागले. दोघीचौघींनी पदर तोंडाला लावला. नामदेव माझ्याकडे बघून मान हलवू लागला. मग कोणीतरी कोणाला तरी विचारलं, औंदा सोयाबीन कसं झालं? उत्तर ऐकू आलं. झालं! त्यावर दुसऱ्याने काही सांगितलं, तिसरा हसला, आणि हळूहळू अख्खा मांडव बोलायला लागला.

आणि इथेच घोटाळा झाला. तिकडची रीत अशी की पंगतीतलं वडीलधारं माणूस उठल्याशिवाय कोणी उठायचं नाही. डीजे असला की म्हातारी माणसं कशीबशी चार घास खातात आणि कान वाचवत उठतात. दुसरी पंगत लगेच बसते. इथे आजोबांना बोलायला माणूस मिळालेलं. वरणभात झाला, मठ्ठा झाला, ट्रम्पेट येऊन गेला, आजोबा हलेनात. ते नाहीत म्हणून कोणीच हलेना. मागे दुसरी पंगत उपाशी उभी, जेवणाऱ्यांच्या पाठीला अगदी गुडघे लावून. वाढणारे भांडी घेऊन ताटकळले. मला मनातून हसू येत होतं आणि गौतमभाऊंकडे बघवत नव्हतं. घामाने त्यांचा नवा शर्ट पाठीला चिकटला होता.

"भाऊजी, लोकं उठूनच नाई राह्यले," असं म्हणत नामदेवने जाऊन गाणी बंद केली.

बोलणं एकदम थांबलं. आजोबांनी मान वर केली.

"कायले बंद केलं?" ते म्हणाले. "चालू द्या नं. अन् त्या उभ्या लोकाहीले आमच्या समोर बसवा, जागा पडली हाये."

पट्ट्या अंथरल्या, दुसरी पंगत पहिलीच्या समोर बसली, आणि जेवून झालेली माणसं हात धुवायला न जाता समोरच्यांना आग्रह करू लागली. असली पंगत मी जन्मात पाहिली नव्हती. गौतमभाऊ खांबाला धरून उभे होते. सासरचे आपल्याला हसले की काय, एवढीच त्यांना धास्ती. हसत तर सगळेच होते, पण कशाला ते त्यांना कळेना.

निरोपाच्या वेळी विहीणबाई स्वतः त्यांच्याकडे आल्या. मी शेजारीच होते.

"इवाई (व्याही)," त्या म्हणाल्या, "पोरीची काळजी करू नोका. तिले कारलं आवडत नाई, सांगतलं तिनं मले. आमच्या घरी नाई करत आता."

गाडी गेली. शोभावहिनी रडल्या, नामदेवही रडला. गौतमभाऊ दिवसभर रडले नव्हते. ते मांडवात येऊन खाली बसले.

"कारलं मले आवडते म्हनून आठवड्यातून दोनदा होते घरी, ताई," ते म्हणाले. "जेवतानी माह्या कानात गानंच राहे. लहानपनापासून खात राह्यली पोरगी. मले कधी पत्ता नाई." आणि मग ते लहान पोरासारखे रडले.

परतीच्या गाडीत मी इअरफोन पर्समधून बाहेर काढलेच नाहीत. समोरच्या बाकावरची म्हातारी अकोल्यापासून भुसावळपर्यंत तिच्या म्हशीबद्दल सांगत होती, ते ऐकत आले.

नाशिकला आमचे हे न्यायला आले होते. गाडीत बसताच त्यांनी तिरकसपणे विचारलं, काय, ऐकली का लोकांनी तुमची गाणी?

"एकानेही नाही," मी म्हटलं. "सगळे बोलत होते."